ताशी २०० मैल वेगात ‘पुणतांबा’ वाचता येईल का?

होस्टेलवर कॉम्प्युटर गेम म्हटलं की दोनच मतं असतात. खेळणाऱ्यांचं मत असं की अभ्यास करून डोकं गरम झालं की गेम लागतोच. रेक्टर सरांचं मत असं की गेममुळेच अभ्यास होत नाही. या दोन्ही मतांच्या मधे एक तिसरी जागा आहे, आणि आजचा लेख त्या जागेबद्दल आहे. ती जागा म्हणजे गेममधलं ‘पेंट शॉप’. इथे शर्यत चालू नसते. समोर फक्त एक गाडी, एक सपाट चित्र आणि आपण. गाडी आपल्याला हव्या त्या रंगात रंगवायची, तिच्यावर हवं ते नाव आणि नंबर टाकायचा आणि मग ती ट्रॅकवर सोडायची.

मी मूळचा पुणतांब्याचा. राहाता तालुका, गोदावरीचा काठ, चांगदेव महाराजांची समाधी, आणि दौंड-मनमाड लाईनवरचं जंक्शन, जिथून २००९ पासून शिर्डीचा फाटा फुटतो. १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप इथून सुरू झाला तेव्हा चार दिवस टीव्हीवर गावाचं नाव होतं. त्यामुळे गेममध्ये गाडी मिळाल्यावर तिच्यावर काय लिहायचं हा प्रश्न मला पडला नाही. प्रश्न पडला तो पुढचा. लिहिलेलं वाचता येईल का? या एका प्रश्नाच्या मागे लागलं की फर्स्ट इयरचं ग्राफिक्स, सेकंड इयरचं गणित, थोडं फिजिक्स आणि गावच्या पेंटरकाकांची विद्या, सगळं एकाच टेबलावर येऊन बसतं. कसं ते क्रमाने बघू.

स्टॉक कार म्हणजे काय भानगड?

‘स्टॉक’ म्हणजे दुकानात मिळते तशी गाडी. अमेरिकेत साध्या विकाऊ गाड्यांच्या शर्यती लागत. त्यांना नियमांत बसवण्यासाठी फेब्रुवारी १९४८ मध्ये डेटोना बीचला बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने नॅस्कार ही संस्था उभी राहिली. (आपल्या नगरकरांसाठी एक योगायोग : त्याच वर्षी १ जूनला आपली पहिली एस.टी. नगर-पुणे मार्गावर धावली.) पुढे या गाड्या दुकानातल्या राहिल्या नाहीत, खास शर्यतीसाठी बनू लागल्या. पण नियम असे की सगळ्यांची बॉडी जवळजवळ सारखी. चाळीसच्या आसपास गाड्या एकाच साच्यातल्या, अंडाकृती ट्रॅकवर, बंपरला बंपर लावून! मग कोण कोण आहे हे ओळखायचं कशावरून? फक्त रंगावरून आणि नंबरवरून.

म्हणून तिथे रंगाला फार किंमत. रिचर्ड पेटीने कारकिर्दीत २०० शर्यती जिंकल्या. त्याचा ४३ नंबर आणि फिका निळा रंग इतका त्याचा झाला की त्या रंगाला ‘पेटी ब्लू’च म्हणतात. १९७२ साली एस.टी.पी. ही कंपनी स्पॉन्सर म्हणून आली. त्यांना अख्खी गाडी लाल हवी होती, पेटी निळा सोडेना. शेवटी अर्धी लाल, अर्धी निळी अशी तडजोड झाली आणि तीच जोडी सगळ्यात गाजली. नोव्हेंबर १९९२ मध्ये अटलांटाला पेटीची शेवटची शर्यत झाली. त्याच शर्यतीत जेफ गॉर्डन नावाचा पोरगा पहिल्यांदा उतरला. त्याचा स्पॉन्सर ड्युपाँट, म्हणजे गाड्यांचे रंग बनवणारी कंपनी. मग गाडीवर इंद्रधनुष्यच काढलं. ते काढणारा चित्रकार होता सॅम बास. ती २४ नंबरची गाडी २००० सालापर्यंत तशीच धावली. आणि आपल्याकडचं सांगायचं तर २०१० साली नारायण कार्तिकेयन नॅस्कारच्या ट्रक मालिकेत उतरला होता.

गेमचं म्हणाल तर पपायरस नावाच्या कंपनीने १९९४ मध्ये ‘नॅस्कार रेसिंग’ काढला. त्यांचा शेवटचा गेम ‘नॅस्कार रेसिंग २००३ सीझन’. हा जुन्या मशीनवरही सुरळीत चालतो. आमच्या विंगमध्ये एकाच्या थोरल्या भावाची सी.डी. आहे, त्यावर आमचं शिक्षण झालं. पपायरसच्याच डेव्हिड केमरने २००४ साली जॉन हेन्री यांच्याबरोबर ‘आयरेसिंग’ सुरू केलं, ते २००८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे खऱ्या शर्यती बंद पडल्या तेव्हा नॅस्कारचे खरे ड्रायव्हर घरी बसून आयरेसिंगवर धावले, आणि ते टीव्हीवर दाखवलं गेलं. तिथल्या गाड्यांवरही स्पॉन्सरची नावं होती. म्हणजे स्क्रीनवरचा रंगसुद्धा कोणाची तरी रोजीरोटी आहे.

टेम्प्लेट म्हणजे आपलं ‘डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस’

रंगवायला गाडी थेट मिळत नाही. मिळते एक चौकोनी इमेज. जुन्या गेममध्ये १०२४ × १०२४ पिक्सेल, आयरेसिंगमध्ये २०४८ × २०४८. त्या चौकोनात गाडीची डावी बाजू, उजवी बाजू, छत, बॉनेट, बंपर असे तुकडे सपाट करून ठेवलेले असतात. कसाई दुकानात बकरं सोलून ठेवतो तसं. (शाकाहारी मित्रांनी संत्र्याची साल समजावी.) या चौकोनाला टेम्प्लेट म्हणतात. टेम्प्लेटवरचा कुठला ठिपका गाडीवर कुठे जाईल याचा जो तक्ता गेममध्ये असतो त्याला यू-व्ही मॅप म्हणतात. एक्स, वाय, झेड ही गाडीची मापं झाली. कागदाच्या मापांना वेगळी अक्षरं हवीत म्हणून यू आणि व्ही.

आता फर्स्ट इयरचं ग्राफिक्स आठवा. एन. डी. भट यांचं पुस्तक उघडा. प्रिझम, सिलिंडर, कोन यांचं डेव्हलपमेंट बरोबर येतं. कागद कापा, गुंडाळा, बसतो. पण स्फिअर आला की पुस्तक म्हणतं झोन मेथड किंवा लून मेथड वापरा, उत्तर अंदाजे येईल. का? कारण गाऊसने १८२७ मध्येच सिद्ध करून ठेवलंय की दोन दिशांना वळलेला पृष्ठभाग ताण किंवा चुणी न पडता सपाट होऊच शकत नाही. पतंगाचा कागद चेंडूवर चिकटवून बघा. चुणी पडणारच.

गाडीचा दरवाजा जवळजवळ सपाट असतो, तिथे काही त्रास नाही. पण चाकावरचं मडगार्ड, बंपरचा कोपरा, छताची कड हे दोन दिशांना वळलेले भाग. तिथे टेम्प्लेटवरचा गोल गाडीवर अंडाकृती होतो आणि सरळ पट्टा केळ्यासारखा वाकतो. म्हणून रंगकाम सुरू करण्याआधी एक साधी चाचणी करायची. टेम्प्लेटवर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन भरायचे, प्रत्येकात आकडा टाकायचा आणि ती गाडी गेममध्ये नेऊन सगळ्या बाजूंनी बघायची. जिथे चौकोन चौकोनच राहिला तिथे अक्षरं टाकायला हरकत नाही. जिथे तो लांबट झाला तिथे फक्त रंग भरायचा, नाव टाकायचं नाही. दोन तुकड्यांच्या शिवणीवर कुठले आकडे समोरासमोर येतात ते वहीत लिहून ठेवायचं. दरवाजावरचा पट्टा बॉनेटवर नेताना ते कामाला येतं.

इथे देवनागरीचा एक मोठा फायदा आहे. रोमन अक्षरं सुटी सुटी उभी असतात. थोडी वाकली तरी डोळा माफ करतो. आपल्या अक्षरांना शिरोरेषा आहे. पृष्ठभाग जरा जरी वाकडा असला की शिरोरेषा ओळंब्यासारखी चाडी करते. म्हणून नाव टाकताना आधी नुसती शिरोरेषा टाकून बघावी. ती सरळ दिसली की खाली अक्षरं लटकवावी.

गाडी बघणारा कोण?

बहुतेक जण गाडी रंगवताना ती स्क्रीनवर मोठी करून, स्थिर ठेवून, बाजूने बघतात. शर्यतीत तशी ती कोणीच बघत नाही. बघणारे तीन.

एक, मागचा ड्रायव्हर. त्याला तुमचा फक्त मागचा बंपर आणि डिकी दिसते, आणि तीही सगळ्यात जास्त वेळ.

दोन, प्रेक्षक आणि रीप्ले. अंडाकृती ट्रॅकवर गाड्या डावीकडे वळत घड्याळाच्या उलट फिरतात. मुख्य स्टँड बाहेरच्या बाजूला असतो. म्हणून स्टँडमधून तुमची उजवी बाजू दिसते. नाव एकाच बाजूला नीट बसत असेल तर ती बाजू उजवी.

तीन, तुम्ही स्वतः. आतून दिसतं ते फक्त बॉनेट. तिथे हवं तर देवाचं नाव टाका, बाकी कोणाला सांगायचं नाही.

एक बारकी गोष्ट. उजव्या बाजूने पाहिलं तर गाडीचं नाक उजवीकडे असतं, म्हणून उजवीकडे झुकलेलं तिरकं अक्षर पुढे धावतंय असं वाटतं. तेच अक्षर डाव्या बाजूवर टाकलं की मागे रेलून बसल्यासारखं दिसतं. आणि एक बाजू करून ती उलटी करून दुसरीकडे चिकटवली तर अक्षरंही उलटी होतात. आरशातलं ‘पुणतांबा’ कोणालाच वाचता येत नाही. रंगाचे पट्टे उलटवा, अक्षरं नव्याने टाका.

आता हिशेब

नॅस्कारची सध्याची गाडी सुमारे ४.९ मीटर लांब आहे. धरा की २०४८ च्या टेम्प्लेटवर तिची एक बाजू १६०० पिक्सेलमध्ये बसली. मग एक पिक्सेल म्हणजे गाडीवरचे सुमारे ३ मिलिमीटर. १०२४ च्या टेम्प्लेटवर तोच पिक्सेल ६ मिलिमीटरचा. यापेक्षा बारीक रेघ काढायचा प्रश्नच नाही, ती अस्तित्वातच नाही.

पण खरी अडचण पुढे आहे. रीप्लेमध्ये लांबून दिसणारी गाडी स्क्रीनवर समजा २०० पिक्सेल रुंद आहे. आता एक पिक्सेल म्हणजे गाडीवरचे अडीच सेंटिमीटर! गेम अशा वेळी मोठी इमेज वापरत नाही. तिची निम्मी, पाव, आठवा हिस्सा अशी आधीच लहान केलेली रूपं ठेवलेली असतात, त्यातलं योग्य ते उचलतो. यालाच मिपमॅप म्हणतात. तुम्ही रात्रभर जागून काढलेली नाजूक नक्षी तिथे एका रंगाचा डाग होऊन जाते.

माणसाच्या डोळ्याचंही असंच आहे. डॉक्टरांकडचा अक्षरांचा तक्ता १८६२ साली स्नेलेन यांनी तयार केला. त्याचं गणित असं की निरोगी डोळ्याला एका मिनिटाच्या कोनाएवढा तपशील दिसतो. म्हणजे अंशाचा साठावा भाग. अक्षर मात्र पाच मिनिटांचं हवं, कारण रोमन ‘ई’मध्ये तीन आडव्या रेघा आणि दोन फटी, असे पाच थर असतात. १०० मीटरवर एक मिनिट म्हणजे २९ मिलिमीटर, पाच मिनिटं म्हणजे साडेचौदा सेंटिमीटर. आपल्याकडच्या मोटारीच्या नंबरप्लेटवरचं अक्षर नियमाने ६५ मिलिमीटर उंच असतं. या हिशेबाने ते जेमतेम ४५ मीटरवरून वाचता येतं.

आता ‘पुणतांबा’ घ्या. वर अनुस्वार, मग फट, मग शिरोरेषा, खाली अक्षराचं अंग, त्याखाली उकार. मी ग्राफ पेपरवर मोजलं तर थर नऊ ते दहा होतात. म्हणजे रोमनच्या दुप्पट. १०० मीटरवरून वाचायचं तर अनुस्वारापासून उकारापर्यंत उंची हवी २६ ते २९ सेंटिमीटर, सोयीसाठी ३० धरा. रीप्लेच्या पिक्सेलवरून हिशेब केला तरी दहा थरांना दहा पिक्सेल, म्हणजे २५ सेंटिमीटर येतात. दोन वेगळ्या वाटांनी जवळपास तेच उत्तर आलं की सबमिशन करायला हरकत नाही! टेम्प्लेटवर हे झाले १०० पिक्सेल, आणि नावाची लांबी साधारण पाऊण ते एक मीटर. मागच्या चाकाच्या वरच्या पत्र्यावर आरामात बसतं.

सगळ्यात आधी काय हरवतं माहीत आहे? अनुस्वार. तो ठिपका रेघेइतका जाड नसला की लांबून गावाचं नाव ‘पुणताबा’ होतं. म्हणून अनुस्वार रेघेपेक्षा थोडा जाडच ठेवावा आणि शिरोरेषेपासून नीट सुटा ठेवावा. फाँट निवडतानाही हेच बघायचं. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचा ‘मोदक’ नावाचा फाँट आहे, नावासारखाच गुबगुबीत आणि जवळून फार गोड. पण त्याच्या अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा जवळजवळ बुजलेली असते. पोस्टरला झकास, १०० मीटरवरून लाडू. त्यांचाच ‘मुक्ता’ ठळक वजनात घेतला तर अक्षराला श्वास घ्यायला जागा राहते.

वेगाचंही सांगून टाकतो. ताशी २०० मैल म्हणजे सेकंदाला ८९ मीटर. उभ्या माणसासमोरून अख्खी गाडी सेकंदाच्या अठराव्या भागात निघून जाते. तेवढ्यात वाक्य वाचलं जात नाही. एक नंबर, एक शब्द, दोन-तीन रंग. बस.

रंग : डोळ्याला दिसतो तो उजेडाचा फरक

दोन रंग वेगळे असणं आणि लांबून वेगळे दिसणं यात फरक आहे. लांबून डोळा रंगापेक्षा उजेड-अंधार जास्त पकडतो. स्क्रीनच्या रंगांत उजेडाचा वाटा ठरलेला आहे : हिरव्याचा सुमारे ७२ टक्के, लालचा २१, निळ्याचा फक्त ७. यावरून दोन रंगांचं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर काढता येतं. जास्तीत जास्त २१, म्हणजे काळ्यावर पांढरा. अक्षरांसाठी साधारण साडेचारच्या वर असावं असा वेब डिझाइनचा संकेत आहे. मी काही जोड्या काढल्या :

काळ्यावर पिवळा – १९.६
काळ्यावर भगवा – ९.९
पांढऱ्यावर लाल – ४.०
निळ्यावर लाल – २.१
भगव्यावर पांढरा – २.१
पांढऱ्यावर पिवळा – १.१

भगव्या गाडीवर पांढरं नाव टाकायचा मोह आपल्याकडे जवळजवळ प्रत्येकाला होतो. आकडा बघा, २.१! भगवा ठेवायचाच असेल तर अक्षरं काळी करा, किंवा पांढऱ्या अक्षराला भोवती जाड काळी किनार द्या.

पहिल्या नंबरची जोडी ओळखीची वाटते ना? आपल्या रेल्वे स्टेशनची पाटी, पिवळ्यावर काळी अक्षरं. पुणतांब्याला न थांबणारी एक्स्प्रेस ताशी १०० किलोमीटरने गेली तर पाटी तीन-चार सेकंद डोळ्यांसमोर असते. तरी आत बसलेल्या माणसाला गाव कळतं. म्हणून माझ्या गाडीचे दरवाजे पिवळे, नाव-नंबर काळे आणि खाली एस.टी.चा लाल पट्टा.

याच्या अगदी उलट उदाहरण बघायचं असेल तर नगरला (आता अहिल्यानगर) जा. तिथे लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ साली उघडलेलं. रणगाड्यांवरचे हिरवे-तपकिरी-मातकट पट्टे नीट बघा. ते वाटेल तसे मारलेले नसतात. कड जिथे आहे तिथेच ती तोडायची, म्हणजे लांबून रणगाड्याचा आकारच कळू नये, हा त्यांचा उद्देश. आता गेममध्ये पहिल्यांदा रंगवलेली गाडी आठवा. सहा रंग, आगीच्या ज्वाळा, वीज, वाघाचं तोंड आणि त्यावर नाव. ही स्टॉक कार नाही, हा छुपा रणगाडा! रंगकामाचा पहिला प्रश्न म्हणून एकच : ओळखू यायचंय की लपायचंय?

पेंटरकाकांचं मिपमॅप

आमच्याकडे एक पेंटरकाका आहेत. पत्र्याच्या पाट्या, टेम्पो, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या यांवर हाताने नावं काढतात. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ आठवडाभर बसलो. ते कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, पण वर लिहिलेलं सगळं त्यांच्या हातात आहे.

खडूची भुकटी लावलेला दोरा ताणून ते टिचकी मारतात, रेघ उमटते. ती त्यांची शिरोरेषा. वळलेल्या पत्र्यावर दोरा वेगळा पडतो हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून तिथे ते डोळ्याने दुरुस्त करतात. अर्धं काम झालं की वीस पावलं मागे जातात, डोळे बारीक करून बघतात, परत येऊन अनुस्वार जाड करतात. मी विचारलं, “काका, डोळे का बारीक करता?” म्हणाले, “बारीक केल्यावर जे उरतं तेच रस्त्यावरच्या माणसाला दिसतं.” कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या पुस्तकात याला लो-पास फिल्टर म्हणतात.

त्यांचा दुसरा नियम मी टेबलासमोर चिकटवून ठेवलाय : “आधी नाव बसव, मंग येलबुट्टी.” नॅस्कारनेही २०२२ साली नवी गाडी आणताना दरवाजावरचा नंबर पुढच्या चाकाकडे सरकवला, कारण मागे स्पॉन्सरच्या नावाला सलग जागा हवी होती. जुन्या प्रेक्षकांना ते आवडलं नाही, तो भाग वेगळा. पण तिथेही आधी नाव आणि नंबर यांची जागा ठरते, मग बाकीचं.

काकांकडे आता काम कमी येतं. फ्लेक्स आणि रेडियमवाले तासाभरात नाव कापून चिकटवून देतात. खऱ्या नॅस्कारमध्येही आज ब्रशच्या रंगाऐवजी बहुतेक विनाइलचं आवरण चढवतात. तक्रार म्हणून सांगत नाही. पण कापणाऱ्या मशीनला वीस पावलं मागे जाता येत नाही. ते कोणीतरी माणसानेच जायचं असतं.

प्रत्यक्ष कृती

१) गेमच्या पेंट शॉपमधून गाडीची टीजीए फाईल बाहेर काढा (आयरेसिंगचं टेम्प्लेट थरांसह मिळतं). मूळ प्रत बाजूला ठेवा.

२) चौकोनांची चाचणी करा, शिवणी वहीत टिपा.

३) गिंप किंवा फोटोशॉपमध्ये थर या क्रमाने ठेवा : तळाला मूळ रंग, मग पट्टे, मग नंबर, मग नाव, वर लहान स्टिकर, सगळ्यात वर तारेच्या जाळीचा थर. फाईल सेव्ह करताना जाळी बंद करायला विसरू नका.

४) मराठी नाव इंकस्केपमध्ये टाईप करा. जोडाक्षरं आणि मात्रा तिथे बरोबर बसतात. मग हव्या त्या आकाराची इमेज करून आणा.

५) चित्र ग्रेस्केल करून बघा. नाव दिसेनासं झालं तर रंग बदला.

६) चित्र पाच टक्के आकारावर आणून बघा. नंबर वाचता आला पाहिजे.

७) गेममध्ये नेऊन रीप्ले लावा आणि ज्याला गाडीवर काय लिहिलंय माहीत नाही अशा रूममेटला दाराजवळ उभं करून वाचायला सांगा. हीच खरी एक्स्टर्नल व्हायवा.

याचा उपयोग काय?

हा प्रश्न सर विचारणारच, म्हणून आधीच उत्तर देतो.

आमच्या भागात साधारण नोव्हेंबर ते मार्च उसाचा हंगाम असतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर ऊस रचलेला, मागे लोंबणारे शेंडे. ट्रॉलीचा मागचा पत्रा चिखलाने माखलेला, आणि असलाच दिवा तर तो शेंड्यांमागे झाकलेला. रात्री नगर-मनमाड रस्त्यावर मोटरसायलवाल्याला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. आमच्या पंचक्रोशीत असं एखादं तरी घर बहुतेक गावात सापडेल.

सिव्हिलच्या मित्रांना हा हिशेब पाठ आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. कळून ब्रेक दाबेपर्यंत अडीच सेकंद धरले तर ४२ मीटर गेले, थांबायला आणखी ३९. रस्त्यांच्या मानकात हे अंतर ८० मीटर दिलंय, ताशी ८० ला १२०. म्हणजे ट्रॉली किमान ८० मीटरवरून ‘ट्रॉली’ म्हणून ओळखू आली पाहिजे. चिखलाचा रंग, उसाचा रंग आणि अंधार मिळून ती बनते नगरच्या संग्रहालयातला रणगाडा. फरक एवढाच की तिला लपायचं नसतं.

साधा रंग इथे पुरत नाही. रंगावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो, त्यातला थोडाच आपल्याकडे परततो. परावर्तक पट्टीत काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म प्रिझम असतात. ते उजेड जिकडून आला तिकडेच परत पाठवतात, मांजराच्या डोळ्यासारखा. मालवाहू गाड्यांच्या नियमांत पुढे पांढरी, मागे लाल आणि बाजूला पिवळी पट्टी सांगितली आहे. गेमच्या टेम्प्लेटमध्ये चकाकीसाठी वेगळी इमेज असते, तशीच ही खऱ्या गाडीची चकाकीची इमेज समजा.

त्या सुट्टीत काकांनी आणि मी चुलत्यांच्या दोन ट्रॉल्यांचे मागचे पत्रे केले. पट्टी नुसती मधे न लावता चारही कडांनी लावली, म्हणजे अंधारात लाल ठिपका न दिसता पूर्ण चौकट दिसते आणि रुंदी कळते. खालची कड शेंड्यांनी झाकते म्हणून उभ्या पट्ट्या पत्र्याच्या टोकापर्यंत नेल्या. मधे पिवळ्यावर काळ्यात गावाचं नाव, ३० सेंटिमीटर उंच. मग काका वीस पावलं न थांबता रस्त्यावर मोजून ८० मीटर मागे गेले. मी मोटरसायकलचा डिपर लावला. चौकट पूर्ण दिसली. काकांनी येऊन अनुस्वार थोडा जाड केला.

येत्या हंगामाआधी ज्यांच्या घरी ट्रॉली आहे त्यांनी हे करून बघावं. पट्टीचा रोल, एक फडकं, घासकागद आणि एक सकाळ एवढंच लागतं. पत्रा मात्र आधी नीट धुवून, कोरडा करून घ्या, नाहीतर पट्टी आठवड्यात सुटते. टेम्प्लेट हवं असेल तर आमच्या रूमवर या. स्टॉक कारचंही आहे, ट्रॉलीचंही आहे.